उभा आक्षेप

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघाला, की भरतेश चौगुल्यांचा आवाज आधी ऐकू यायचा आणि माणूस मागनं दिसायचा. पायाशी राजापुरी हळदीची रास, भोवती व्यापाऱ्यांचं कडं, आणि मधोमध हे उभे. "राशीकडं बघून बोला, माझ्या तोंडाकडं काय बघताय!" असा एकदा पुकारा झाला, की पलीकडच्या दुकानातला गूळवालासुद्धा हातातलं काम टाकून हसायचा.

त्यांच्या लेखी सौदा व्हायचा तो उघड्यावर, दहा जणांच्या कानांवर पडेल असा. त्यांच्या आजोबांच्या काळी हातावर रुमाल टाकून, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत. कुणी कुणाला काय कबूल केलं, ते त्या दोन हातांनाच ठाऊक. ही गोष्ट सांगताना भरतेश अजूनही तापत. "रुमालाखाली शेतकरी कधी जिंकलाय काय?"

मग एका सकाळी, व्यापाऱ्यांना दाखवायला उचललेली हळकुंडं त्यांच्या मुठीतून निसटून खाली पडली. लोकांना वाटलं, घाम असेल. पण तो घाम नव्हता. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी एकेक करून विझत जाण्याचा तो आजार होता. बुद्धी शाबूत, कान शाबूत, डोळे शाबूत. फक्त अंग आपलं ऐकेनासं होतं. आधी हात गेले, मग पाय, आणि मग जीभ जड होऊ लागली.

त्यांच्या पत्नीला, त्रिशलाला, या आजारात पुढे काय होतं ते इतरांपेक्षा जरा जास्तच ठाऊक होतं. अभियांत्रिकी महाविद्यालयात ती संगणकाच्या कार्यप्रणाली शिकवायची, आणि मुकी झालेली माणसं ज्या पट्टीतून बोलतात, त्या पट्टीचे नियम ठरवणाऱ्या समितीवर ती होती.

ही गळपट्टी दिसायला साधी, मफलरएवढी रुंद. माणूस बोलू पाहतो तेव्हा गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंत विजेची अगदी बारीक लहर उठते. स्नायू हलेनासा झाला, तरी ही लहर पुढे बराच काळ येत राहते. पट्टीतले टाचणीच्या डोक्याएवढे संवेदक ती टिपतात, आतला इवलासा संगणक तिचे शब्द करतो आणि ते शब्द मोठ्याने वाजतात. मात्र प्रत्येक गळा निराळा. एकाची 'पाणी' म्हणतानाची लहर दुसऱ्यासारखी नसते. म्हणून पट्टीला आधी तो माणूस शिकावा लागतो, आणि तोही अंगात थोडी ताकद उरलेली असतानाच. या शिकण्याची जी साठवण होते, तिला म्हणतात छाप. सगळं मोल त्या छापेचं. पट्टी हरवली तर दुसरी मिळेल. पण अंग थकल्यावर नवी छाप घ्यायची म्हटली, तर घेणार कशाची?

पट्टी एकाची, संगणक दुसऱ्याचा, आवाज घडवणारी यंत्रणा तिसऱ्याची. या सगळ्यांना जोडणाऱ्या कार्यप्रणालीचा जो खुला आराखडा होता, त्याचं नाव वाणीसूत्र. तो कुणाच्या मालकीचा नव्हता. मिक्सर कोणत्याही दुकानातून आणला तरी घरातल्या सॉकेटात त्याची पिन बसते ना, तसंच हे. वाणीसूत्राचे बाकीचे नियम अभियंत्यांपुरते होते, पण दोन नियम रुग्णांच्याही तोंडी होते. छाप ज्याच्या गळ्याची, त्याच्या मालकीची; ती कोणत्याही पट्टीतून काढून कोणत्याही पट्टीत घालता आली पाहिजे. आणि पट्टीने खरोखर ऐकलेला शब्द कोणता, स्वतःच्या अंदाजाने भरलेला कोणता, हे समोरच्याला कळलं पाहिजे. म्हणून अंदाजाच्या शब्दाआधी 'टक्' असा हलका आवाज यायचा.

हे दोन्ही नियम त्रिशलानेच लिहिले होते.

भरतेशना पट्टी दिली ती दस्तगीर सतारमेकरने. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी घडवणाऱ्या घरातला हा माणूस. गल्लीतल्या पोरापोरींना जमवून त्याने गळपट्ट्यांची सहकारी संस्था काढली होती. पट्टी बसवायला तो स्वतः आला.

"आण्णा, बोला आता काहीतरी."

भरतेशचे ओठ थरथरले. पट्टीतून सपाट, करड्या आवाजात शब्द आले. "दस्तगीर… एस.टी. स्टँडवरचा… (टक्) माणूस… घातलास व्हय… आत?"

दस्तगीर हसता हसता खालीच बसला. "आवाज साधा हाय आण्णा. पण शब्द तुमचेच."

"गाडी… फलाट दोनवर… लागलेली हाय."

त्रिशला स्वयंपाकघरात पाणी गाळत होती. गाळणं तसंच हातात धरून ती हसली, आणि मग डोळे पुसायला तिला पदर शोधावा लागला.

त्रिशलाचा दिवस जैन घरातल्या नियमांना बांधलेला असे. पहाटेची सामायिक म्हणजे ध्यान, देवदर्शन, गाळलेलं पाणी, सूर्य मावळायच्या आत जेवण. भरतेश आजारी पडल्यावर तिने मुनिमहाराजांकडून आणखी एक नियम घेतला होता: दर चतुर्दशीला उपवास आणि सूर्यास्तापर्यंत मौन. बोलायचं नाही, लिहायचंही नाही. यांचं बोलणं टिकावं म्हणून आपलं थोडं सोडायचं, एवढाच त्यामागचा भाव. महाविद्यालयात आणि समितीवर सगळ्यांना ते ठाऊक होतं. कुणी तिची थट्टा केली नाही; ती इतकं हळू बोलायची की थट्टा करणाऱ्याचीच पंचाईत व्हायची.

दोन वर्षांत भरतेशच्या स्नायूंतली लहर बारीक होत गेली. वाक्यातले खड्डे वाढले. कधी तीन शब्द यायचे, आणि मग नुसता सुस्कारा. जिथे ऐकू आलं नाही आणि अंदाजही धड करता आला नाही, तिथे वाणीसूत्राची पट्टी गप्प राहायची. त्रिशलानेच तसं लिहिलं होतं: माहीत नसेल तर यंत्राने बोलू नये. लिहिताना किती सोपं वाटलं होतं ते.

सौमित्र गद्रे आला तो अशाच दिवसांत. तिचा जुना विद्यार्थी, आता गळपट्ट्या बनवणाऱ्या 'नादवेल' कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पाया पडला, भरतेशच्या खाटेशी बसला, यार्डातल्या गोष्टी काढल्या. मग बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाला, "मॅडम, वाणीसूत्राला आम्ही जोडू पाहतोय तो विस्तार समितीपुढे येतोय. तुम्ही आक्षेप घेणार, हे मला ठाऊक आहे."

"मग कशाला विचारतोस?"

"कारण सरांचं बोलणं ऐकलं आत्ता. किती वेळ लागतो त्यांना एका वाक्याला!" तो जरा पुढे सरकला. "आमची यंत्रणा शब्द पुरा व्हायची वाट बघत नाही. माणसाचा स्वभाव, समोर कोण आहे, दिवस कोणता, वेळ कोणती, मागच्या हजार वाक्यांत काय आलं, हे सगळं जुळवून ती पुढचं वाक्य ओळखते. लहर नखाएवढी असली तरी पुरते. आणि आवाज त्यांचा स्वतःचा. यार्डातल्या लोकांच्या मोबाइलमधे त्यांचे ढीगभर व्हिडिओ आहेत."

"आणि छाप?"

"आमच्या रूपात राहील, दुसऱ्या पट्टीत जाणार नाही. आमचं सगळं कौशल्यच त्यात आहे, ते उघडं कसं ठेवणार? आणि 'टक्' काढावी लागेल. दर शब्दाला टकटक करत बसलं तर बोलणं कसलं ते?"

"मग ते वाणीसूत्र उरणार नाही, सौमित्र."

"ऐच्छिक विस्तार आहे, मॅडम. ज्याला नको त्याने घेऊ नये." पुढचं त्याने मनापासून म्हटलं, हेही खरं. "समितीला एक कलम बदलायला वर्ष लागतं. कारण सगळ्यांना विचारायचं असतं. चांगली गोष्ट आहे. पण या आजाराच्या माणसाकडे वर्ष नसतं. स्पर्धा असते म्हणून आम्ही धावतो. समितीला कोण धाववणार?"

निघताना तो म्हणाला, "चाचणीसाठी काही घरं निवडतोय. तुमचं घर घालू?"

"नको. मी वापरणाऱ्यांची प्रतिनिधी आहे. लोक काय म्हणतील?"

तो गेल्यावर आतून भरतेशनी हाक दिली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ती पाटावर बसली आणि वाट बघत राहिली. त्यांचं कपाळ घामेजलं होतं.

"आक्षेप," पट्टी म्हणाली. बराच वेळ गेला. "सोडू. नको." पुन्हा वेळ. "रुमालाखाली… जाऊ… देऊ नको."

एकदाही 'टक्' आली नाही. सगळे शब्द त्यांचेच होते.

समितीची रीत साधी होती. उत्पादकांना एकमेकांच्या प्रस्तावावर आक्षेप धरता येत नसे, नाहीतर रोजच भांडणं झाली असती. तो हक्क फक्त वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधीला, म्हणजे त्रिशलाला. लेखी आक्षेपांवर चर्चा होई, उत्तरं होत, आणि शेवटच्या बैठकीत अध्यक्ष एकदा विचारत, "आक्षेप उभा आहे का?" प्रतिनिधीने त्याच वेळी 'उभा आहे' म्हटलं, तर प्रस्ताव परत. गप्प राहिलं, तर आक्षेप मिटला असं धरून प्रस्ताव मंजूर.

शेवटच्या बैठकीची तारीख बदलून आली, ती नेमकी चतुर्दशीची. बदल सुचवला होता नादवेलने.

दस्तगीर मिरजेहून स्कूटर काढून आला. एरवी चहा घेतल्याशिवाय न बोलणारा माणूस, दारातच सुरू झाला. "वहिनी, हे मुद्दाम केलंय! त्या गद्र्याला तुमचं मौन ठाऊक हाय."

"असेल."

"असेल काय? तुम्ही त्या दिवशी बोलायचं. दोन शब्द. अल्ला माफ करंल, तुमचे महाराज पण करतील." तो खाली बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "आमच्या धंद्यात बघा. भोपळा मिरजेचा, तार कुठली पण आणा, सतार कुणी पण वाजवा. उद्या कुणी म्हणालं, माझ्या भोपळ्याला माझीच तार आणि वाजवणारा पण मी सांगीन तोच, तर सतार गोड वाजंल हो. पण मग गाणं त्याचं झालं, वाजवणाऱ्याचं नव्हं."

"बोलेन मी," त्रिशला म्हणाली. "नियम मोडला तर प्रायश्चित्त असतं. मी विचारून घेतलंय. बोलेन."

आतून पट्टी म्हणाली, "चहा… दे… त्याला. लई… तापलाय."

चतुर्दशीच्या सकाळी ती मंदिरातून परतली तर दारात नादवेलची गाडी उभी. सौमित्र नव्हता, दोन तरुण मुली होत्या, हसतमुख, हातात पातळशी चंदेरी पट्टी. आपलं घर यादीत घालू नको, असं तिने सांगितलं होतं. आता मौनात ती पुन्हा कसं सांगणार? हाताने नको म्हणता आलं असतं. ती दारात उभी राहिली, आणि मग बाजूला झाली.

मुलींनी छापेची नक्कल उतरवून घेतली. वाणीसूत्रामुळे ते चुटकीसरशी झालं. नवी पट्टी गळ्यात बसवली. भरतेश संशयाने डोळे बारीक करून बघत होते.

आणि मग तो आवाज आला. तो. यार्डातला.

"अगं ए, काय बघतीस अशी? राशीकडं बघ की!"

त्रिशला खाटेजवळ आली. ते बोलत होते. हमालांची नावं घेत होते, गूळवाल्याची टिंगल करत होते, तिच्या माहेरच्या लग्नातला जेवणावळीचा घोटाळा सांगत होते. वाक्यामागून वाक्य, मधे कुठे खड्डा नाही. मुली खो-खो हसत होत्या. "आज मी बोलतोय आणि तू गप! उपास सोड आणि भांड की जरा माझ्याशी. किती दिवस झालं भांडून!"

तिच्या डोळ्यांना धार लागली होती. तरीही ती यंत्रं तपासणारी बाई होती; डोळे पुसता पुसता तिला दिसलं, की लग्नाची गोष्ट अर्ध्यावर असताना त्यांचे ओठ थांबलेत. गोष्ट मात्र शेवटपर्यंत गेली. हशा जिथे यायला हवा तिथे आला. ते तिला दिसलं, आणि तिने नजर खिडकीबाहेर वळवली.

थोड्या वेळाने मुली म्हणाल्या, "आज एवढंच, मॅडम. विस्तार मंजूर झाला की लगेच कायमची बसवून देऊ." चंदेरी पट्टी काढली, जुनी घातली.

भरतेश काहीतरी म्हणायला धडपडत होते. लहर येत होती, जात होती. त्रिशला खूप वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "ते…" पट्टी म्हणाली. मग काही नाही. "ते… (टक्) मी…" आणि पुढे गप्प.

दुपारी ती संगणकापुढे बसली. पडद्यावर समितीचे चेहरे, एका कोपऱ्यात सौमित्र, खाली न दिसणाऱ्या श्रोत्यांत दस्तगीर. अध्यक्ष वयस्कर, प्रेमळ गृहस्थ होते.

"नादवेलच्या विस्तारावर वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधींचा लेखी आक्षेप आहे. तो उभा आहे का?" मग त्यांना आठवलं. "हां, आज चतुर्दशी. चौगुलेताईंचं मौन असतं. ताई, बोलू नका, नियम मोडू नका. आक्षेप उभा असेल तर नुसता हात वर करा. तेवढं पुरे."

आता मौन आड येत नव्हतं. नियम आणि आक्षेप दोन्ही राहणार होते. हात मांडीवर होता. त्यावर हळदीकुंकवाचा डाग होता, सकाळच्या पूजेचा. आतल्या खोलीतून पट्टीचा एक तुटका शब्द आला आणि विझला. उद्या तोही येणार नाही, परवा काहीच येणार नाही, हे तिला दिसत होतं. आणि त्याच्या शेजारीच तो गडगडाट, 'किती दिवस झालं भांडून!'

अध्यक्ष थांबले. त्यांनी पुरेसा वेळ दिला, कुणी घाई केली असं म्हणता येणार नाही.

हात वर गेला नाही.

"आक्षेप मिटला असं धरतो," अध्यक्ष म्हणाले. सौमित्रने मान खाली घातली. आनंद लपवायला की शरमेने, ते पडद्यावर कळलं नाही.

पुढचं सगळं फार शांतपणे झालं. वाणीसूत्र कुणी मोडलं नाही. सगळ्या पट्ट्यांवर 'वाणीसूत्राशी सुसंगत' असंच छापलेलं असायचं. फक्त नादवेलच्या पट्ट्या इतकं गोड बोलत, की डॉक्टर त्याच सुचवू लागले. मग बाकीच्या कंपन्यांनीही आपापले विस्तार काढले, प्रत्येकाची छाप वेगळ्या कुलपात. शर्यतीत लहान मागे पडले, मधले विकत घेतले गेले. आवाजाची यंत्रणा घडवणारे लोक खुल्या आराखड्यासाठी काम करेनासे झाले, कारण त्यावर वापरणारं कुणी उरलं नव्हतं. आणि वापरणारं कुणी उरलं नाही, कारण त्यासाठी कुणी काम करत नव्हतं. तासगावच्या एका शिक्षकांची पट्टी बिघडली. ती बनवणारी कंपनी बुडाली होती, छाप तिच्या कुलपात. शिक्षकांचं अंग तोवर पार थकलेलं. ते पुन्हा बोलले नाहीत. शेवटी समितीची एक बैठक झाली, ती समितीच विसर्जित करायला. कुणाचा आक्षेप नव्हता.

त्याच सुमारास दस्तगीर आपल्या संस्थेला टाळं लावून आला. भरतेशशी बोलला, चंदेरी पट्टीतल्या गडगडाटाला हसला, आणि निघताना चपला घालता घालता वर न बघता म्हणाला, "मौन होतं तुमचं, हे मी सगळ्यांना सांगितलं वहिनी. भांडलो लोकांशी त्यावरनं." मग उभा राहिला. "पण हात तर वर करता आला असता."

तो पुन्हा आला नाही.

भरतेश जसजसे थकत गेले, तसतसा त्यांचा आवाज खुलत गेला. आधी आधी त्रिशलाला ते सुखच वाटलं. मग छोट्या छोट्या गोष्टी बोचू लागल्या. ते "जेवलीस का?" विचारायचे, ती समोर बसून त्यांनाच नळीतून अन्न देत असताना. उशी वाकडी लागली म्हणून कधी करवादायचे नाहीत. एकदा पट्टी म्हणाली, "मी समाधानी आहे, त्रिशला." जन्मात त्यांनी हा शब्द वापरला नव्हता, त्यांचा शब्द होता 'बरं चाललंय'. बोलण्यातलं 'की', 'व्हय' हळूहळू गळून गेलं, आणि यार्डाच्या आवाजात कुणीतरी शहाणा माणूस बोलू लागला.

अंघोळीच्या वेळी पट्टी काढावी लागे. तेव्हापुरती त्या दोघांची डोळ्यांची बोली होती: एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. पाणी गरम आहे? हो. कूस बदलू? नाही. तेव्हा ते भांडायचे. डोळ्यांनीच, पण भांडायचे. पट्टी चढली की पुन्हा सगळं गोड.

तिने सौमित्रला फोन केला.

"किती वाक्यं त्यांची असतात, सौमित्र? शंभरातली किती?"

"असं वेगळं काढता येत नाही, मॅडम. लहर आणि अंदाज एकजीव होतात."

"खूण सुरू करून दे. ती 'टक्'."

"ती ऐच्छिक झाली ना. तुमच्याच बैठकीत. नव्या यंत्रणेत ती जागाच नाही."

"मग आजची छाप परत दे, पूर्वीची आता जुळत नाही. मी जुन्या पट्टीत घालते."

"जुन्या पट्टीला आता ती वाचता यायची नाही. आणि मॅडम… त्यांची लहर मी बघितली परवा. जुन्या पट्टीला ऐकू येण्याइतकी ती उरली असेल असं वाटत नाही. आम्ही नसतो तर ते केव्हाच मुके झाले असते."

हेही खरंच होतं. त्यातलं खोटं कुठे सुरू होतं, ते तिला बोट ठेवून दाखवता येईना.

अनंत चतुर्दशी झाली, पौर्णिमा सरली, आणि क्षमावाणीचा दिवस आला. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल, तर एकमेकांना भेटून क्षमा मागायची. सकाळपासून घरात माणसांची रीघ. यार्डातले व्यापारी, नातेवाईक, शेजारी. प्रत्येक जण खाटेशी येऊन हात जोडायचा.

"आण्णा, काही चुकलं असेल तर क्षमा असावी."

"उत्तम क्षमा!" भरतेशचा आवाज घुमायचा. "आमच्याकडूनही काही कमीजास्त झालं असेल, मोठ्या मनानं क्षमा करा."

"काय वाणी आहे अजून!" लोक बाहेर पडताना म्हणायचे. एक चुलत दीर आला, ज्याने वाटणीत विहीर दाबली होती आणि ज्याचं नाव काढलं तरी भरतेश उठून जात. त्यालाही तीच उत्तम क्षमा, त्याच ठसक्यात. त्रिशला भरतेशचे डोळे बघत होती. दीर आत आल्यापासून जाईपर्यंत ते छताकडे लागलेले होते.

दुपारी घर रिकामं झालं. तिने दार लोटलं आणि खाटेशी खाली बसली. बोलायला लागली ती नेहमीपेक्षाही हळू.

"मला तुमची क्षमा मागायची आहे. बैठकीच्या दिवशी माझं मौन होतं, म्हणून आक्षेप मांडायचा राहून गेला, असं सगळ्यांना वाटतं. तुम्हालाही तसंच सांगितलं मी. ते खरं नाही. अध्यक्षांनी मला नुसता हात वर करायला सांगितला होता. नियम मोडत नव्हता. मी केला नाही. सकाळी तुमचा आवाज ऐकला होता ना, तो मला हवा होता. तुम्ही सोडू नको म्हणाला होतात. मी तुमचं ऐकलं नाही, आणि व्रताच्या आड लपले. ते तासगावचे गुरुजी, दस्तगीरभाऊ… आणि तुम्ही. आत तुम्ही काय बोलताय ते मला आता कळत नाही. माझ्यामुळे कळत नाही."

ती थांबलीही नसेल, तोच आवाज आला. भरदार, मायेचा.

"उत्तम क्षमा, त्रिशला. तू जे केलंस ते माझ्यावरच्या प्रेमानंच केलंस. मनाला लावून घेऊ नकोस."

तिने ज्या शब्दांची वाट पाहिली होती, नेमके तेच. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. इथेच उठून संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागता आलं असतं. सूर्य मावळायच्या आत जेवायचं होतं.

तिने पुढे वाकून त्यांच्या मानेमागचा आकडा सोडला, आणि पट्टी काढून जमिनीवर ठेवली.

"आता तुम्ही सांगा. क्षमा केलीत?"

भरतेशचे डोळे तिच्यावर स्थिर होते. ते मिटले नाहीत. एकदा नाही, दोनदाही नाही. ती वाट बघत राहिली. पंखा फिरत होता. ते डोळे इतका वेळ उघडे राहिले, की कोरडे पडून लाल झाले, आणि मग काठाशी पाणी साठून कानाकडे ओघळलं.

स्वतःचं पाणी त्यांना पुसता येत नव्हतं. तिने पदराच्या टोकाने ते टिपलं, तेव्हा तिच्या बोटाखाली पापणी मिटली.

ते काही उत्तर नव्हतं. तिने हात बाजूला घेतला, आणि पुन्हा विचारलं.